पाच मेला फ्रेंच पडेनात

अख्ख्या मेक्सिकोत मला वीस मेक्सिकन मिळेनात. हसू नका, खरं सांगतेय. एप्रिलचा शेवटचा आठवडा, ऊन डोक्यावर, आणि मी वही काखेत मारून आमच्या सान एलिखियो गावात दारोदार फिरतेय. प्रत्येक दारात एकच प्रश्न, "यंदा पाच मेला आपल्या बाजूने लढायला कोण येतंय?" आणि प्रत्येक दारातून एकच उत्तर. "बाई, आमचा मुलगा फ्रेंच आहे."

फ्रेंच आहे म्हणे! आई चुलीपाशी तोर्तिया थापतेय, बाप विटा भाजतोय, सगळे वाडवडील इथल्याच मातीत गेलेत, आणि पोरगा फ्रेंच. बरं, या सगळ्या पोरांना पाचवीत शिकवलंय कोणी? मीच. एकतीस वर्षं एकच धडा शिकवतेय, घसा कोरडा करून.

धडा काही अवघड नाही हो. १८६१ साली आमच्या सरकारची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा सरकारने परदेशी सावकारांना सांगितलं, दोन वर्षं थांबा. इंग्लंड, स्पेन आणि फ्रान्स, तिघेही जहाजं घेऊन दारात उभे राहिले. पहिले दोघे बोलणी करून परत गेले. फ्रान्सच्या बादशहाला मात्र वसुली नको होती, देश हवा होता. त्याची फौज म्हणजे जगात सगळ्यात भारी, असं ते स्वतःच सांगत फिरायचे. ती फौज आमच्या पुएब्ला शहरापाशी आली, ५ मे १८६२ रोजी. शहराबाहेरच्या टेकडीवर दोन किल्ले, आणि तिथे आमची माणसं. काहींच्या हातात जुन्यापुराण्या बंदुका, डोंगरातून उतरून आलेल्यांच्या हातात शेतातले कोयते. फ्रेंच पुन्हा पुन्हा चढले आणि पुन्हा पुन्हा मार खाऊन उतरले. दुपारी पाऊस आला, उताराचा चिखल झाला, आणि ती सगळ्यात भारी फौज आली तशी मागे फिरली. एवढंच. यात न समजण्यासारखं काय आहे?

पण नाही. लॉस एंजेलिसला राहणारा माझा धाकटा भाऊ रोखेलियो दरवर्षी त्या दिवशी फोन करतो आणि मागे गाणीबिणी लावून ओरडतो, "ताई, स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा!" अरे गाढवा, स्वातंत्र्यदिन सोळा सप्टेंबरला! बाबांनी त्याला खांद्यावर बसवून मिरवणुका दाखवल्या, त्याचं हे फळ. वर मलाच ऐकवतो, की इथे कॅलिफोर्नियात आपल्या लोकांनी बातमी कळल्याबरोबर बंदुका उडवून सण सुरू केला, म्हणजे हा सण मूळचा आमचाच. आणि ते खरं आहे, हे जास्तच डोक्यात जातं.

असो. आमच्या गावात पाच मेला दरवर्षी ती लढाई करतात. गावाबाहेरच्या टेकडीवर कान्देलारिया मातेचं छोटं देऊळ आहे, तो आमचा किल्ला. खालून फ्रेंच चढतात, वरून आपले डोंगरवाले त्यांना अडवतात. बंदुकांत नुसती दारू, आवाजाने कानठळ्या बसतात. ज्याला लाकडी कोयता लागला त्याने पडायचं. असा नियम. आजोबा-पणजोबांपासूनचा.

आता गंमत ऐका. डोंगरवाल्यांचा वेष म्हणजे पांढरी सुती विजार, पांढरा सदरा, गवताची टोपी आणि पायात वहाणा. फ्रेंचांमधल्या झुआव शिपायांचा वेष मात्र लाल फुगीर विजार, निळं जाकीट, पाठीवर कातडी पिशवी आणि तिच्यात खोचलेले हातभर लांब पाव. एवढ्यावर आमचं गाव थांबेल तर शपथ. कोणा एकाने मखमली केप शिवली. दुसऱ्याने तिच्यावर टिकल्या लावल्या. तिसऱ्याने मोत्यांचा गरुड काढला. आता एकेका केपला तीन-तीन महिने लागतात आणि नवरीच्या झग्याला लागत नाही एवढा खर्च येतो. मग कोणता जवान पोरगा पांढरी विजार घालून उभा राहील? गेल्या वर्षी फ्रेंच होते एकशे चाळीस. आणि मेक्सिकन सतरा. त्यातले नऊ सत्तरीच्या पुढचे, आणि एक तर मुळात बघायला आला होता, त्याच्या डोक्यावर कोणीतरी टोपी ठेवली.

आणि ज्याने मातेच्या देवळासमोर तीन महिन्यांची मखमल पांघरलीय, तो कोयता लागल्यावर मातीत पडेल का? नाव नको. गेल्या वर्षी एकही फ्रेंच पडला नाही. एकही! कोयते लागले, ते हसले, "हो हो, लागला" म्हणाले आणि चालत चालत वर गेले. देवळाच्या पायऱ्यांवर मांडी घालून बसले आणि पिशवीतले पाव काढून खाल्ले. इतिहास उलटा करून ठेवला मेल्यांनी, आणि गाव टाळ्या वाजवतंय.

डोंगरवाल्यांचे कप्तान म्हणजे माझे बाबा. क्रिसोफोरो तेकुआपेत्ला. वय एक्क्याऐंशी. बेचाळीस वर्षं त्यांनी ती टेकडी लढवली. त्यांचे पणजोबा खऱ्या लढाईत होते, एक कान तिथे ठेवून आले. गेल्या वर्षी त्या संध्याकाळी बाबा घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आणि नातवाशी बोलणं बंद केलं, ते वर्षभर.

कारण पायऱ्यांवर बसून पाव खाणाऱ्यांत त्यांचा नातू होता. हो, आता लपवून काय करू, माझाही मुलगा फ्रेंच आहे. बाल्तासार, एकोणीस वर्षांचा. आणि त्याची ती जांभळी केप मीच शिवलीय, दिवाणखान्यात बसून, चष्म्यावर चष्मा लावून. करणार काय? सगळ्यांची पोरं चमकणार आणि माझं एकटं फटकुरात?

यंदा फेब्रुवारीत डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, टेकडी बंद. हृदय थकलंय. बाबा म्हणाले, "मे झाला की बंद." डॉक्टर म्हणाले, आत्तापासून. बाबांनी ऐकू न आल्यासारखं केलं. ते त्यांना चांगलं जमतं.

"बाबा, अहो खेळ आहे तो," मी घरी आल्यावर सांगितलं. "गावाची करमणूक. त्यासाठी जीव टांगणीला लावायचा का?"

"खेळ तर खेळ. खेळात तरी पडा म्हणावं. खऱ्यात पडले होते."

"पडले काय, न पडले काय."

"असं बाईच म्हणायला लागल्या तर झालंच." त्यांनी काठी आपटली. "तूच शिकवतेस ना? पुढच्याच वर्षी ते परत आले. दुप्पट-चौपट होऊन आले. दोन महिने वेढा घातला, लोकांनी खेचरं खाल्ली, कुत्री खाल्ली, आणि शेवटी शहर गेलं. वर एक परका बादशहा आणून आपल्या डोक्यावर बसवला. त्यांना हाकलायला सदुसष्ट साल उजाडलं. त्या सगळ्या वर्षांत आपल्या वाट्याला एक दिवस आला, माउरा. एक. तोसुद्धा ही पोरं पाव खात घालवणार?"

बाबा मग आवाज उतरवून म्हणाले, "एकदा बघायचंय गं मला. माझ्या पणजोबांनी बघितलं तसं. ते वर येतात आणि पडतात. एकदा बघितलं की टोपी तुझ्या हातात देतो, परत टेकडीचं नाव काढणार नाही."

म्हणून ती वही आणि ती दारोदार फिराफिर. मेक्सिकन मिळाले शेवटी तेवीस. पण खरा प्रश्न माणसांचा नव्हता, पडण्याचा होता. मी फेर्मिनकडे गेले. फेर्मिन त्लापाले म्हणजे फ्रेंचांचा सेनापती, एरवी हमरस्त्यावर ट्रकच्या टायरांचे पंक्चर काढतो.

"फेर्मिन, यंदा पडायचं."

"बाई, बसा ना. सरबत घ्या."

"सरबत नको. कोयता लागला की पडायचं. नियम आहे."

"बाई, तुमचं खरं आहे, पण तुम्हीच सांगा, त्या कपड्यात मातीत कोण लोळणार? माझी बायको मला घरात घेणार नाही."

"मग शिवता कशाला असले कपडे?"

"मिरवायला," तो म्हणाला, अगदी प्रामाणिकपणे. मी हात टेकले.

पण त्याला माझ्या बाबांबद्दल प्रेम आहे, हेही खरं. चार दिवसांनी तो स्वतः घरी आला, टोपी हातात घेऊन. त्यांच्या फौजेने बैठक घेतली होती आणि तोडगा काढला होता. प्रत्येक फ्रेंच सोबत एक चटई आणणार. गुंडाळून पाठीला बांधणार. कोयता लागला की चटई सोडायची, अंथरायची, आणि तिच्यावर मरायचं.

बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. "अंथरूण घालून मरणार?"

"कपडे खराब होत नाहीत, आजोबा."

"लढायला येताय का झोपायला? उशी पण आणा. दुधाचा पेला आणा."

"आजोबा, एवढं तरी माना. एकशे चाळीस पोरांना कबूल करवताना नाकी नऊ आले माझ्या."

बाबांनी शेवटी मान हलवली. मला वाटतं त्यांना कळलं होतं, याहून जास्त काही मिळणार नाही.

पाच मेला सकाळी प्रार्थना झाली, मग पंगती झाल्या. मी भल्या पहाटेपासून शेजारच्या ओदिलियाकडे टर्कीच्या मोलेचं, म्हणजे मिरच्यांच्या दाट रश्श्याचं, भलंमोठं पातेलं ढवळत होते, हाताचे तुकडे पडले. दुपारी बाल्तासार तयार होऊन समोर उभा राहिला. काय दिसत होता! आई आहे मी, दृष्ट काढावीशी वाटली. आणि तोंडातून निघालं काय? "त्या केपला एक डाग जरी लागला ना, तर घरात पाऊल टाकू नकोस. चटईवरच पड. चटईच्या बाहेर बोटसुद्धा नको."

"हो गं आई."

"मान हलवू नकोस नुसती, ऐक."

"ऐकलं गं आई, किती वेळा."

शेजारच्या दारात ओदिलिया तिच्या पोराला तेच सांगत होती. तिच्या पलीकडची तेच. गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्या आया बोटं नाचवत होत्या.

अडीच वाजता बंदुका सुरू झाल्या आणि तीन वाजता पाऊस आला. मेमध्ये दुपारी पाऊस येतो, कोणाला नवल नाही. आम्ही बायका देवळाच्या कठड्यामागे उभ्या होतो, डोक्यावर शाली घेऊन. खाली बघते तर काय, फ्रेंच फौज थांबली. पाठीवरच्या चटया सोडायला लागली. मला वाटलं, चला, मरतायत. कसले मरतायत! एकशे चाळीस जणांनी एकशे चाळीस चटया डोक्यावर धरल्या आणि मखमल सांभाळत, विजारी वर धरून, डबकी चुकवत ते टेकडी चढायला लागले. जगातली सगळ्यात भारी फौज!

लोक पोट धरून हसत होते. मी हसले नाही. मी बाबांकडे बघत होते. ते सगळ्यांच्या पुढे उभे होते, एका हातात लाकडी कोयता, टोपीतून पाणी गळतंय, सदरा अंगाला चिकटलेला. आत फासळ्या दिसत होत्या.

पहिला माणूस त्यांच्यापाशी पोचला तो बाल्तासार. मुद्दाम आला की पाय नेतील तिकडे आला, मला माहीत नाही. बाबांनी कोयता त्याच्या छातीला लावला. जोरात नाही, नुसता टेकवला.

बाल्तासार उभाच राहिला. डोक्यावर चटई, चटईवरून पाणी वाहतंय. "आजोबा," तो हळूच म्हणाला, "चिखल आहे हो."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. वर्षभराने पहिल्यांदा बघितलं. मग त्यांनी कोयता खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकले, एक गुडघा खाली, मग दुसरा, आणि सावकाश, हाडं मोजत मोजत, ते चिखलात उताणे झाले.

कठड्यावरून कशी उतरले मला आठवत नाही. "बाबा! बाबा, काय होतंय?"

"काही नाही होत," ते डोळे मिटूनच म्हणाले. "कोणीतरी पडायला नको का?"

"उठा आधी! कळतं का काही? डॉक्टरांनी काय सांगितलंय? एक्क्याऐंशी वर्षांचं माणूस..."

"मेलेल्या माणसाला हाका मारू नये. मेलेला उत्तर देत नाही."

"मग आत्ता देताय ते काय आहे?"

"हे शेवटचं." आणि खरंच तोंड मिटून पडून राहिले. पाऊस सरळ त्यांच्या चेहऱ्यावर पडत होता.

मी वर बघितलं. बाल्तासार आजोबांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. लहानपणी दुकानात बरणीकडे बोट दाखवून बघायचा, तसा. त्याच्या मागे तीस-चाळीस पोरं थांबली होती, आणि तीही कोणी फेर्मिनकडे बघत नव्हती. सगळ्यांच्या माना वर कठड्याकडे होत्या, आपापल्या आयांकडे. आणि मी इतके दिवस गावभर तोंडाचा पट्टा चालवत फिरले, की ही पोरं पडत का नाहीत!

"पड," मी म्हणाले.

"आई, केप..."

"पड मेल्या! ऐकू येत नाही? पड!"

तो पडला. चटई एकीकडे, तो एकीकडे, तोंडावर, सपशेल. पाठीवरच्या पिशवीतला पाव उडाला. वरून ओदिलियाचा आवाज आला, चिरका, तिच्या पोराचं नाव घेऊन, "तूपण! पड म्हणते ना!" मग दुसरी ओरडली, मग सगळ्याच. अख्खा कठडा ओरडत होता, आणि खाली धपाधप पोरं पडत होती. डोंगरवाल्यांना कोयते चालवायची वेळच आली नाही. उतार निसरडा झाला होता, पडलेली पोरं घसरत एकमेकांवर जात होती. फेर्मिन सगळ्यात शेवटी पडला, आधी बायकोकडे बघून.

मी बाबांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. "बघा," मी म्हणाले. "पडले. झालं समाधान? बघा नीट."

बाबांनी बघितलं. बंदुका थांबल्या होत्या. बँडवाल्यांनी विजयाची धून वाजवायची असते, ते ताडपत्रीखाली वाद्यं धरून नुसते उभे होते. कठड्यावर टाळी वाजली नाही. सगळा उतार पोरांनी भरलेला, कोणाचा हात कोणाच्या अंगाखाली, कोणाचं तोंड मातीत, आणि वरून पाऊस. कोणी हलत नव्हतं. चांगलं पडा म्हटलं की आमची पोरं चांगली पडतात.

बाबांनी टोपी काढली. माझ्या हातात द्यायची विसरले, तशीच धरून राहिले.

"एवढेसे आहेत गं हे," ते म्हणाले. "मिसरूड फुटलं नाही अजून." मग माझा दंड धरला. "माउरा, आपला कुठाय?"

"इथेच पडला होता की. हा काय..." मी वळले. माझ्या पायाशी एक चटई होती आणि एक पाव होता. तो नव्हता. घसरत खाली गेला असणार. मी खाली बघितलं. जांभळं काही दिसेना. लाल नाही, निळं नाही, टिकल्या नाहीत, मोती नाहीत, सगळ्यांच्या अंगाला एकच रंग लागला होता. तीन महिने त्या मखमलीवर डोळे फोडले होते मी.

"बाल्तासार!"

कोणी हललं नाही. तो एरवी दहा हाकांना दाद देत नाही, मला सवय आहे. पण ही हाक वेगळी होती, त्याला कळायला हवं होतं.

"बाल्तासार, पुरे झालं. संपली लढाई. ऊठ."

"अगं उत्तर दे म्हणावं त्याला," बाबा मागून म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येईना. "मी सांगतोय म्हणावं. दे म्हणावं उत्तर."

ओदिलिया कठडा ओलांडून उतरली होती. तिच्या मागून बाकीच्या, शाली खांद्यावरून ओघळलेल्या, चपला चिखलात रुतलेल्या. त्याही नावं घेऊन हाका मारत होत्या. मी पहिल्या पोरापाशी वाकले, त्याला खांद्याला धरून वळवलं, शालीच्या टोकाने तोंड पुसलं. दुसऱ्या कोणाचा तरी होता. पुढच्यापाशी गेले.